बालवाचकांचा कौल

बालवाङ्मयाचा व्यवहार मोठा चमत्कारिक आहे. पुस्तक लिहितो प्रौढ, छापतो प्रौढ, विकत घेतो प्रौढ. आणि तें उत्तम कीं सामान्य, याचा निवाडाहि प्रौढच करतो. ज्यानें तें वाचावयाचें, त्या मुलाला मात्र कोणी विचारीत नाहीं.

पारितोषिकांची रीतहि बहुधा अशीच. अमेरिकेंत १९२२ पासून दिलें जाणारें न्यूबेरी पदक आणि ब्रिटनमध्यें १९३६ सालीं स्थापन झालेलें कार्नेगी पदक, हीं दोन्ही मोठ्या मानाचीं; पण त्यांचे परीक्षक ग्रंथपाल. या रीतीला निराळें वळण देण्याची कल्पना सिॲटल शहरांतील हॅरी हार्टमन या पुस्तकविक्रेत्याची. आपल्याला आनंद देणारें पुस्तक निवडण्याची संधि प्रत्येक मुलाला मिळावी, असें त्याचें म्हणणें होतें. पॅसिफिक नॉर्थवेस्ट ग्रंथालय संघानें तें उचलून धरलें आणि १९४० सालीं मुलांच्या मतांवर ठरणारें पारितोषिक सुरू झालें. पहिला मान मिळाला तो डेल मॅकॉर्मिक यांच्या पॉल बन्यनवरील पुस्तकाला. पॉल बन्यन हा दंतकथेंतला अजस्र लाकूडतोड्या. आणि तो प्रदेश तर लाकूडतोडीसाठींच प्रसिद्ध!

मुलांच्या हातीं निवड दिली तर तीं उथळ पुस्तकांच्याच मागें लागतील, असा आक्षेप साहजिक आहे. कॅन्सस संस्थानांत १९५२ सालीं विल्यम ॲलन व्हाइट यांच्या नांवें असेंच पारितोषिक निघालें. १९५३ सालीं तेथील मुलांनीं पहिला कौल दिला तो 'एमॉस फॉर्च्यून, फ्री मॅन' या पुस्तकाला. गुलामगिरींतून मुक्त झालेल्या एका माणसाचें तें चरित्र. त्याच पुस्तकाला ग्रंथपालांनीं १९५१ सालीं न्यूबेरी पदक दिलें होतें. उलट, रोआल्ड डाल यांना कार्नेगी पदक कधींच मिळालें नाहीं. पण ब्रिटनमध्यें मुलांच्या मतांनीं दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाचा १९८८ चा मान त्यांच्या 'मटिल्डा'नें मिळविला. म्हणजे मुलांचें मत पंडितांशीं कधीं जुळतें, कधीं जुळत नाहीं. पण तें मत असतें खास.

अर्थात् मताला शिस्त हवी. म्हणून, यादींतील निदान दोन पुस्तकें वाचल्याखेरीज मत देतां येत नाहीं, असा नियम अशा कांहीं पारितोषिकांत असतो. दोन पुस्तकें वाचलीं म्हणजे तुलना आली, आणि तुलनेपासूनच रसिकतेचा आरंभ होतो. मात्र मूळ यादी बहुधा प्रौढच करतात, हें विसरतां कामा नये. यादी कोमट असेल तर कौलहि कोमटच येणार.

हा प्रयोग घरींहि करण्याजोगा आहे. पांच पुस्तकें निवडावीं. मुलांनीं त्यांतलीं निदान दोन वाचावीं. मग चिठ्ठ्या टाकून मतें घ्यावीं व कारणें विचारावीं. निकाल आपल्याला रुचला नाहीं, तरी तो फिरवूं नये. कारण, एकदां विचारलेलें मत मोडून काढलें, तर मूल पुढें आपल्याला आवडेल तें सांगेल. स्वतःला आवडलेलें सांगणार नाहीं.