रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका बँडची दोन नावे आणि बदलते सदस्य

मुंबई : भारतात रॉक बँड स्थापन होणे ही फारशी मोठी बातमी कधीच नव्हती, तो टिकणे ही बातमी होती. १९७०च्या दशकात मुंबईत सायकेडेलिक रॉक, म्हणजे लांबत जाणारे गिटारवादन आणि श्रोत्याला तंद्री लावणारा नाद यांवर बेतलेले संगीत, सादर करणारे बँड होते. मात्र त्यांचा मुख्य भर परदेशी गाण्यांवर असल्यामुळे सदस्य पांगले की मागे फारसे काही उरत नसे. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' हा त्यातला अपवाद. त्याची 'ऑब्सेशन ७७' ही ध्वनिमुद्रिका १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती लाट ओसरत आली होती.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८४ मध्ये, मुंबईत 'रॉक मशीन' उभा राहिला. त्याचे संगीत सायकेडेलिक नव्हे, हार्ड रॉक वळणाचे होते. सुरुवात त्यानेही परदेशी गाण्यांनीच केली. सुरुवातीच्या काळात काही वादक आले-गेले आणि मग जो संच स्थिरावला तोच आजही चाहत्यांच्या स्मरणात आहे : गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर व जयेश गांधी, बेस गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया.

या संचाने स्वतःची गाणी रचली. 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) हे त्याचे अल्बम. हा निर्णय वरवर दिसतो त्याहून मोठा होता. उसनी गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये गिटारवादक बदलला तरी फारसे बिघडत नाही, कारण नवा वादक तीच गाणी शिकून घेतो. गाणी स्वतःची असली की प्रत्येक सदस्याचा हात त्या नादात उतरतो आणि त्याची जागा भरणे अवघड होते.

१९९१ मध्ये एमटीव्ही आशियात दाखल झाली. उपग्रह वाहिन्यांमुळे महाविद्यालयीन महोत्सव आणि मुंबईतील रंगभवनाच्या खुल्या रंगमंचापुरते असलेले हे संगीत, जबलपूरच्या रांझीसारख्या संरक्षण कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या वस्त्यांतील घरांतही ऐकू येण्याची शक्यता निर्माण झाली. (रंगभवनातील मैफली पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबल्या, ही मुंबईच्या रॉक रसिकांची जुनी हळहळ.) १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. 'रॉक मशीन' हे नाव जगातल्या कोणत्याही शहरातील बँडला शोभले असते. नव्या नावात सिंधू नदी होती आणि संगीतातही भारतीय वाद्यांचे रंग मिसळू लागले होते. एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कारही त्याला मिळाला.

नव्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला. त्याच वर्षी अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने हिंदी पॉपची बाजारपेठ किती मोठी असू शकते हे दाखवून दिले. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडसाठी ही स्पर्धा विषमच होती. १९९७ मध्ये इंडस क्रीड विसर्जित झाला. बेनेगल आणि गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा नवा प्रकल्प हाती घेतला.

बँड पुन्हा एकत्र आला तो तेरा वर्षांनी, २०१० मध्ये. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया परतले. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रॉव कवी हे नव्या पिढीचे वादक आले. २०१२ मधील 'इव्हॉल्व्ह' या अल्बममध्ये जुनीच गाणी घोळवण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळला. त्याचे ध्वनिमिश्रण ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ टिम पामर यांनी केले. प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकलेले हे संगीत 'रॉक मशीन'च्या काळातील श्रोत्यांना काहीसे अनोळखी वाटावे असे होते. नव्वदच्या दशकातील सहा जणांपैकी तिघेच त्यात होते. गाणी मात्र नवी होती आणि स्वतःचीच होती.