घाम, पावलं आणि हृदय

हृदयासाठी व्यायाम करायचा ठरला की आधी बुटांची खरेदी होते, मग मनगटावरच्या घड्याळाची. आणि त्या घड्याळात दहा हजारांचा आकडा उमटावा म्हणून भलीभली माणसं रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात. हा आकडा कुठल्याही डॉक्टराने ठरवलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, यामासा या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. दहा हजार हे त्याच्या नावातच होते. अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलांवाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० नंतर फायदा फारसा वाढला नाही.

पावलांपेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावं. चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग बरोबर आहे. गाता येत असेल तर ती शतपावली. तीही वाईट नाही, जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला तिचा उपयोग होतो; पण हृदयाला तेवढ्याने पुरेसं काम मिळत नाही. आणि दोन शब्दांनंतर धाप लागत असेल, तर नवख्याने वेग उतरवावा. पर्वतीच्या पायऱ्या चढताना मोबाइलवर बोलणाऱ्यांचं संभाषण मध्यावर कसं ‘हं... हं...’वर येतं, ते ऐकलं की ही परीक्षा लगेच कळते.

श्वासाऐवजी घड्याळातल्या नाडीवरून वेग ठरवणंही तितकंसं भरवशाचं नाही. ‘२२० वजा वय’ या सूत्राने काढलेला नाडीचा कमाल वेग एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी तर औषधानेच मंदावलेली असते.

जिम लावल्याशिवाय काही होत नाही, हा समज लंडनच्या बसगाड्यांनी कधीच खोटा पाडलाय. तिथल्या डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांवर जेरी मॉरिस या संशोधकाने केलेला अभ्यास १९५३मध्ये छापून आला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सलग दहा मिनिटं केला तरच तो धरायचा, ही जुनी अट २०२०च्या शिफारशींत उरलेली नाही. स्टेशनचा पूल भरभर चढलात, तर तेही मोजा. सुरुवात मात्र रोज दहा मिनिटांनी करावी आणि दर आठवड्याला थोडी थोडी भर घालावी. पहिल्याच रविवारी तासभर धावणारे सोमवारी पिंडऱ्या चोळत बसतात.

घामाचं कौतुक तर विचारूच नका. मे महिन्यात मुंबईत बाकावर बसूनही घामाच्या धारा लागतात. त्यात चरबी नसते, पाणी आणि मीठ असतं. प्लॅस्टिकचं जाकीट घालून घटवलेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं. वर उष्माघाताचा धोका.

मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी आणि बऱ्याच वर्षांनी जोरदार व्यायामाला लागणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एक समज मात्र जिवावर बेततो: व्यायाम करताना छातीत दडपण आलं की ‘गॅस असेल’. दडपण, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, थंड घाम, चक्कर, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबावं. ओवा चघळत वाट पाहू नये, स्वतः गाडी चालवत जाऊ नये. १०८ला फोन करावा.