सुरू होता होता बंद पडणारा संगणक

वाशीमहून हिंगोलीकडे येणारा रस्ता पैनगंगा ओलांडून मराठवाड्यात शिरतो, त्या बाजूस कनेरगाव नाका हे गाव आहे. १९४७ पर्यंत नदीपलीकडे इंग्रजी अमलातील वऱ्हाड आणि अलीकडे निजामाचे राज्य अशी हद्द होती. आज येथे वाशीम व हिंगोली या जिल्ह्यांची सीमा भेटते. भोवतालचा मुलूख सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद पिकविणारा आहे. या भागातील शेतकऱ्याचा सातबारा, पीक विम्याचा अर्ज, अनुदानाची नोंदणी ही सारी कामे आता सेवा केंद्रातील संगणकावर होतात. बाजाराच्या ठिकाणी बी-बियाणे घेण्यास आलेला शेतकरी त्याच खेपेत कागदाचे कामही उरकून जातो.

खरीप पीक विम्याचे अर्ज बहुधा जुलैअखेरपर्यंत घेतले जातात. २०२३ व २०२४ च्या खरिपात राज्यात हा विमा एक रुपयात मिळत असे. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्यास आपल्या वाट्याचा हप्ता पुन्हा भरावा लागू लागला. हप्ता कितीही असो, मुदत चुकली की तो हंगाम विम्यावाचून काढावा लागतो. अशा शेवटच्या आठवड्यात दाराशी माणसे खोळंबलेली असावीत आणि संगणकाने सुरू होता होता मान टाकावी, पुन्हा कळ दाबावी, पुन्हा तेच व्हावे, हा प्रसंग अनेक केंद्रचालकांच्या परिचयाचा आहे. त्या घाईत कोणीतरी सल्ला देतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ हा सल्ला बहुतेक वेळा अकाली असतो आणि कित्येकदा तो फार महागात पडतो.

विहिरीवरील डिझेल इंजिन सुरू होईनासे झाले तर जाणता शेतकरी लगेच ते खोलीत नाही. तो प्रथम टाकीत डिझेल आहे काय हे पाहतो, नंतर नळीत हवा धरली आहे काय हे तपासतो आणि मगच पंपाकडे वळतो. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, की पेट घेऊन थांबते, यावरून त्याला दोषाची जागा कळते. संगणकाचेही असेच आहे. कळ दाबल्यापासून काम करण्यास सिद्ध होईपर्यंत तो ठरलेल्या पायऱ्या चढतो. तो कोणत्या पायरीवर अडखळला हे नीट पाहिले म्हणजे निम्मे निदान होते.

कळ दाबूनही दिवा लागत नाही व पंखाही फिरत नाही, तर दोष विजेच्या वाटेवर आहे असे समजावे. दुसरे एखादे उपकरण त्याच जागी लावून पाहावे. यूपीएस मध्ये ठेवले असेल तर ते वगळून संगणकाची तार थेट भिंतीतील जोडणीस लावून पाहावी, कारण जुन्या बॅटरीचे यूपीएस दिवा दाखविते पण भार पेलत नाही. एकाच जोडणीवर पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे यंत्र चालत असल्यास दाब खाली येतो. अशा वेळी संगणक सुरू होतो आणि अधिक वीज ओढण्याच्या क्षणी बंद पडतो. यातही दोष नसेल, तर पेटीच्या आत बसविलेल्या एसएमपीएसकडे संशय जातो. घरातील सुमारे २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ व ३.३ व्होल्ट असे सौम्य प्रवाह काढून देणारा हा भाग दाबाच्या चढउताराने व वळवाच्या विजांनी निकामी होतो. तो उघडून दुरुस्त करण्याचा प्रयत्न केंद्रचालकाने करू नये. तार काढल्यावरही त्याच्या आत धक्का बसण्याजोगी वीज साठून राहते. चांगला एसएमपीएस मागवून तो बदलावा, हेच योग्य.

पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो किंवा आतून ठरावीक अंतराने शिट्ट्या येतात, तेव्हा प्रथम रॅमची पट्टी पाहावी. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्या सोनेरी दातांवर मळ चढतो व जोड नीट लागत नाही. विजेची तार पूर्ण काढून, कळ काही सेकंद दाबून, आणि हात पेटीच्या लोखंडी भागास लावून अंगावरील स्थिर वीज उतरवून मगच पट्टीस स्पर्श करावा. दात मऊ खोडरबराने हलकेच घासून कोरड्या कापडाने पुसावेत. पट्टी दोन्ही टोकांस खट् असा आवाज येईपर्यंत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे कोणती सदोष ते कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्यास संगणक सुरू झाला तरी कारण हाती लागत नाही.

संगणक पाच-दहा मिनिटे चालून आपोआप बंद पडत असेल, तर कारण बहुधा उष्णता हे असते. सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि रस्त्याची धूळ पंख्याच्या पात्यांवर गोधडीसारखी बसते. खंडेनवमीस संगणकाला हळदकुंकू वाहण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्याच दिवशी पेटी उघडून धूळही काढली, तर पूजा अधिक फलद्रूप होईल. धूळ काढताना पाते बोटाने धरून ठेवावे आणि ओले कापड वापरू नये.

निर्मात्याचे नाव पडद्यावर उमटून ‘चालू करण्याजोगी डिस्क नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, तेव्हा घाबरण्यापूर्वी पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय हे पाहावे. हा दोष हास्यास्पद वाटला तरी विरळा नाही. संगणकाचे घड्याळ मागे पडले असेल, तर आतील सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बिल्ल्याएवढा सेल संपलेला असतो आणि त्यामुळे यंत्र आपली मांडणी विसरते. सेल स्वस्त असतो. तो बदलून तारीख, वेळ व डिस्कचा क्रम पुन्हा लावावा. मात्र हार्डडिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर त्याच क्षणी संगणक बंद करावा. पुनःपुन्हा सुरू करून पाहिल्याने डिस्कच्या पृष्ठभागावर ओरखडे पडून उरलेली माहितीही जाते.

विंडोजचे चिन्ह दिसून नंतर निळा पडदा येतो व संगणक पुन्हा सुरू होतो, हा प्रकार सर्वांत फसवा आहे. निळ्या पडद्यावरील सांकेतिक शब्दाचे मोबाईलने छायाचित्र घ्यावे, कारण दुरुस्तीकारास त्याचा मोठा उपयोग होतो. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसल्यास विंडोज आपोआप दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथून सेफ मोडमध्ये जाता येते. या अवस्थेत अगदी आवश्यक तेवढ्याच आज्ञावली चालतात. संगणक तेथे नीट चालला, तर यंत्र बरेचसे शाबूत असून नुकतीच घातलेली एखादी आज्ञावली अथवा सुधारणा दोषी आहे असे मानण्यास जागा असते. ती काढून टाकावी, अथवा आधीच्या तारखेची स्थिती परत आणावी. काही नव्या संगणकांत या वाटेवर ४८ अंकी कुलूपक्रमांक मागितला जातो. तो बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळतो. तो वेळीच कागदावर उतरवून कपाटात ठेवणे बरे.

यासंबंधी १९ जुलै २०२४ ची घटना लक्षात घेण्यासारखी आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीत एक सदोष धारिका गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होता होता निळा पडदा दाखवून कोसळू लागले. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. इतक्या मोठ्या आपत्तीवरील उतारा मात्र साधा होता: संगणक सेफ मोडमध्ये उघडून ती एक धारिका काढणे. हे काम असंख्य ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून हाताने करावे लागले, पण त्यासाठी डिस्क पुसण्याचे कारण नव्हते.

डिस्क पुसण्याने काय जाते, हे आधी समजून घ्यावयास हवे. ज्या अर्जाचा पावती क्रमांक मिळाला, तो अर्ज शासनाच्या यंत्रणेत पोहोचलेला असतो व केंद्रातील संगणक जळाला तरी तो नाहीसा होत नाही. परंतु अर्धवट राहिलेले अर्ज, शेतकऱ्यांच्या कागदांच्या प्रती, पावत्या आणि केंद्राचा जमाखर्च हे सर्व त्या डिस्कवरच असते. पैसे घेतले पण अर्ज भरावयाचा राहिला, अशांची यादी त्यातच असेल आणि ती पुसली गेली, तर नुकसान त्या शेतकऱ्यांचे होते. त्यांना ते पीक बुडाल्यावर कळते. म्हणून अर्ज घेताना नाव, गट क्रमांक व अर्जाची स्थिती साध्या वहीत लिहिण्याची सवय केंद्राने सोडू नये. शेतकरी बंधूंनीही पावती हाती पडल्याखेरीज अर्ज झाला असे समजू नये. संगणक त्या दिवशी सुरू होणार नाही असे दिसल्यास खोळंबलेल्यांना स्पष्ट सांगून दुसऱ्या केंद्राकडे पाठवावे. योजनेच्या संकेतस्थळावर शेतकऱ्यास स्वतःही अर्ज भरता येतो.

यंत्र हिंगोलीस किंवा वाशीमला दुरुस्तीस न्यावे लागले, तर केवळ एसएमपीएसचा दोष असताना हार्डडिस्क काढून केंद्रातच ठेवावी. तीत गावोगावच्या लोकांचे आधार क्रमांक व बँकेची पुस्तके असतात. डिस्कच तपासावयाची असेल, तर ‘आतील माहिती पुसू नये, प्रथम तिची प्रत काढावी’ असे दुरुस्तीच्या पावतीवर लिहून घ्यावे व त्यावर दुकानदाराची सही घ्यावी.