यंदाची उत्सवी नाटके आणि एक सर्वदमन

कार्तिकी पौर्णिमा उलटली, की गोव्यातील देवळांच्या प्रांगणांत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवसभर बाळांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाचा शिणवटा रात्री ऑर्गनच्या पहिल्या सुराबरोबर उतरतो. आमच्या गावच्या हौशी मंडळाने यंदा तीन संगीत नाटके योजिली आहेत. मार्गशीर्षात ‘संशयकल्लोळ’, माघातील जत्रेला ‘शाकुंतल’ आणि चैत्रात ‘मत्स्यगंधा’.

या निवडीत एक सूत्र आहे. बेळगाव परिसरातील गुर्लहोसूर येथे 1843 साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आणले. त्या रात्री पहिले चारच अंक झाले. परंतु मराठी संगीत नाटकाचे युग त्यांनीच उघडले. ‘संशयकल्लोळ’कार गोविंद बल्लाळ देवल हे त्याच अण्णासाहेबांचे बेळगावातील विद्यार्थी. आणि 1964 सालच्या ‘मत्स्यगंधा’ला संगीत दिले ते आमच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी. बेळगावात पेरलेले बी गोव्याच्या मातीत कसे फोफावले, हे या तीन रात्रींत दिसावे, अशी मंडळाची इच्छा आहे.

माझा जीव मात्र गुंतला आहे तो ‘शाकुंतल’च्या शेवटच्या अंकात. सिंहाच्या छाव्याशी निर्भयपणे खेळणारा सर्वदमन तेथे प्रथम दिसतो, आणि दुष्यंताला आपला पुत्र गवसतो. ही भूमिका करणारा नऊ वर्षांचा मुलगा माझा रुग्ण आहे. त्याला दमा आहे.

दोन वर्षांपूर्वी याच नाटकाच्या तालमी सुरू झाल्या होत्या. जुन्या पेटाऱ्यातून काढलेला कापसाचा छावा त्याने उराशी धरला आणि अर्ध्या तासात त्याला धाप लागली. दुसऱ्या दिवशी मी वडिलांना बजावले, “नाटक बंद.” पुढे आमच्या दुष्यंताची बदली झाल्याने ते नाटकच बारगळले, पण माझा शब्द त्या घरात राहिला. नाटकापाठोपाठ मुलाचे धावणे बंद झाले, मग पावसात जाणे, मग शाळेचे स्नेहसंमेलन.

काही महिन्यांनी त्याचे आजोबा दवाखान्यात आले. तरुणपणी त्यांनी याच देवळापुढे शकुंतला केली होती. शांतपणे म्हणाले, “डॉक्टरबाब, तुम्ही त्याचें नाटक बंद केलांत. दमा काही बंद झाला नाही. रात्री तो अजून उठून बसतो.”

मी निरुत्तर झालो. धाप लागली की आराम देणारे औषध मी देत होतो. परंतु श्वासनलिकांची मूळ सूज आटोक्यात ठेवणारे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड नियमित सुरू करण्याचा आग्रह मी धरला नव्हता. ‘पंपाची सवय लागते’ ही आजीची भीती घालवण्यापेक्षा मुलाला घरात बसविणे मला सोपे वाटले होते. चूक माझी होती.

त्या दिवशी अर्धा तास बसून आजीशी बोललो. अशा औषधाचे व्यसन लागत नाही. मात्रा अल्प असते आणि थेट फुप्फुसात पोचते. स्पेसर लावून घेतले व नंतर चूळ भरली, तर तोंड येण्याचा आणि आवाज बसण्याचा संभव कमी होतो. आवाजाचा मुद्दा आजोबांना तत्काळ पटला. आता मुलगा रात्री झोपतो, दिवसा धावतो. मंडळाने पेटारा उन्हात रिकामा केला, छावा नव्याने शिवून घेतला, आणि पडद्यामागे धूप व सिगारेट वर्ज्य केली.

‘मानापमान’चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 रोजी झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, तरी ते रंगमंचावर उभे राहिले. या निष्ठेची कथा आम्ही नाटकवेडे मोठ्या अभिमानाने सांगतो. वयाच्या पन्नाशीनंतर मला त्या कथेत आधी ती मुलगी दिसते. म्हणून दिग्दर्शकांशी एक करार केला आहे: प्रयोगाच्या संध्याकाळी मी मुलाची छाती तपासीन. शीळ ऐकू आली तर तयार ठेवलेला दुसरा मुलगा उभा राहील, आणि त्याबद्दल कोणीही हळहळ त्याच्यासमोर व्यक्त करणार नाही. हे मुलालाही सांगितले आहे. त्याने विचारले, “आणि शीळ नसली तर?” म्हटले, “मग रंगमंच तुझा.”

स्मरणिकेच्या वाचकांना, विशेषतः माझ्या व्यवसायबंधूंना, तिन्ही नाटकांचे आग्रहाचे निमंत्रण. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतात आणि सहसा पहाटेपर्यंत रंगतात. अंगावर शाल असू द्यावी. आणि दम्याच्या एखाद्या मुलाला खेळ, गाणे वा नाटक ‘बंद’ असे लिहून देण्यासाठी लेखणी उचललीत, तर क्षणभर थांबून त्याचे औषध पुरेसे आहे ना, एवढे पाहावे.

माघातल्या त्या रात्री मी पडद्यामागे, विंगेत असेन. खिशात पंप असेल. तो बाहेर काढावा लागू नये, एवढेच देवीकडे मागणे आहे.