मुख्य प्रवाहातील विपणन आणि कन्सोल व्हिडिओ गेमची विक्री : निन्टेंडोच्या ‘वी’ व ‘वी यू’ यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्रास ‘कन्सोल’ असे म्हणतात. या यंत्रांच्या जाहिराती दीर्घकाळ मुख्यतः मुले व तरुण यांनाच उद्देशून असत. सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत नेलेल्या विपणनामुळे विक्रीवर काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. जाहिरात वाढली की विक्री वाढते, हे समीकरण आपण वर्गात काहीशा सहजतेने मांडतो. म्हणून वाणिज्याच्या अध्यापकांनी हे उदाहरण तपासून पाहण्याजोगे आहे.

‘वी’ची विक्री :

जपानच्या निन्टेंडो कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘वी’ हा कन्सोल अमेरिकेत आणला. त्याच महिन्यात तेथे आलेल्या सोनीच्या ‘प्लेस्टेशन ३’ची किंमत आवृत्तीनुसार सुमारे ५०० ते ६०० डॉलर होती, तर ‘वी’ची सुमारे २५० डॉलर. तांत्रिक क्षमतेत ‘वी’ उघडच मागे होते. तथापि त्याच्या जाहिरातीत क्षमतेचा प्रश्नच उपस्थित केला गेला नाही. दोन जपानी गृहस्थ लहानशा मोटारीतून घरोघरी जातात, लवून अभिवादन करतात आणि कंट्रोलर पुढे करून खेळण्याचे निमंत्रण देतात, एवढाच तिचा आशय. हात हलविला की पडद्यावरील रॅकेट हलते, हे पाहणाऱ्यास न सांगता कळत असे. शिवाय जपानबाहेर बहुतेक ठिकाणी ‘वी स्पोर्ट्स’ हा गेम यंत्रासोबतच मिळत असल्याने जाहिरातीत पाहिलेले खोके उघडताच हाती येई. या कन्सोलची एकूण विक्री १० कोटींहून अधिक झाली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘वी स्पोर्ट्स’च्या ८ कोटींहून अधिक प्रती वितरित झाल्या, हा आकडा वारंवार उद्धृत होतो, परंतु त्यातील बहुतांश प्रती यंत्रासोबत आलेल्या होत्या. त्यास स्वतंत्र मागणी समजणे योग्य नव्हे.

‘वी यू’चा अनुभव :

त्याच कंपनीने, जवळजवळ त्याच नावाने, नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘वी यू’ आणले. या वेळी अपरिचित बाजारपेठेची अडचण नव्हती. उलट कोट्यवधी घरांत ‘वी’ हे नाव पोचलेले होते. हीच गोष्ट अडचणीची ठरली. जून २०११ मधील पहिल्या सादरीकरणात सारा भर पडदा असलेल्या नव्या कंट्रोलरवर होता. परिणामी अनेकांना तो जुन्या ‘वी’लाच जोडावयाचा सुटा भाग वाटला. ग्राहकांना दोहोंतील फरक समजावून देण्यात आपण कमी पडलो, हे कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सातोरु इवाता यांनीही मान्य केले. एकूण विक्री सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबली. अर्थात दोष केवळ नावाचा नव्हता. नव्या गेमची चणचण होती, आणि ‘वी’कडे वळलेल्या हौशी वर्गाच्या हाती एव्हाना स्मार्टफोन व टॅबलेट आले होते.

वस्तूच निकृष्ट असेल तर प्रसिद्धी किती काळ तारते, याचे जुने उदाहरण अटारी कंपनीच्या ‘ई. टी.’ या गेमचे आहे. गाजलेल्या चित्रपटाच्या आधाराने, सुमारे ५ आठवड्यांत घडविलेला हा गेम १९८२ च्या नाताळात आला. आरंभी १० लाखांहून अधिक प्रती खपल्या. परंतु उत्पादन त्याहून कितीतरी अधिक झाले होते. न खपलेल्या प्रतींपैकी काही १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात पुरण्यात आल्या. २०१४ च्या उत्खननात त्या सापडल्या.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘स्विच’च्या वेळी निन्टेंडोने नाव पूर्णपणे बदलले. घरी दूरचित्रवाणीवर आणि बाहेर हातात घेऊन, अशा दोन्ही प्रकारे खेळणारी माणसे पहिल्याच चित्रफितीत दाखविली आणि ‘सुपर बोल’ सामन्याच्या प्रक्षेपणात जाहिरातही दिली. विक्रीत ‘स्विच’ने ‘वी’लाही मागे टाकले. मात्र ‘झेल्डा’ मालिकेतील अत्यंत वाखाणला गेलेला नवा गेमही त्याच दिवशी विक्रीस आला होता. त्यामुळे आरंभीच्या यशात जाहिरातीचा वाटा किती व त्या गेमचा किती, हे केवळ विक्रीच्या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही.