मे महिन्यातला रोबो
विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धांत अंतर मोजायला बहुधा एचसी-एसआर०४ हा स्वस्त सेन्सर वापरतात. तो ४० किलोहर्ट्‌झचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात खरी गोम इथेच आहे. ध्वनीचा हवेतला वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५. प्रोग्रॅममध्ये ३४३च ठेवले, तर भर उन्हाळ्यात एक मीटरवरची भिंत जवळपास साडेतीन सेंटिमीटर अलीकडे भासते. म्हणून सोबत तापमानाचा सेन्सर जोडाच! सोलापुरी चादरीसारखे मऊ कापड समोर असेल, तर प्रतिध्वनीच क्षीण होतो. त्याऐवजी इन्फ्रारेड सेन्सर घ्यावा, तर तो कडक उन्हात फसतो. अंतराऐवजी हातवारे ओळखायचे असतील, तर एपीडीएस-९९६० हा सेन्सर आहे; त्यात चार दिशांचे प्रकाशसंवेदक असतात. हातावरून परतलेला प्रकाश आधी कुठे बदलला, त्यावरून हात हलल्याची दिशा कळते. हात मात्र वीतभर अंतरातच हवा.