चर्चमधली तक्रार आधी कुठे जायला हवी?

(ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय जड आहे, त्यामुळे आजूबाजूला लहान मुलं असतील तर इअरफोन लावा. चर्चशी संबंधित कोणी एखाद्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याची शंका आली, तर सांगायचं कुणाला? आणि ज्याला सांगितलं, त्याने करायचं काय?

आपल्याकडे वसई, मुंबई, अहिल्यानगर, गोवा इथली चर्च म्हणजे फक्त प्रार्थनेची जागा नाही. बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे, बऱ्याचदा शाळा आणि होस्टेलही त्याच आवारात. त्यामुळे काही कानावर आलं की पहिलं वाक्य निघतं, "आधी फादरांशी बोलू." किंवा, "पाळकसाहेबांच्या कानावर घालू, ते बघतील." हेतू चांगला असतो, पण गडबड इथेच सुरू होते.

बोस्टनचं उदाहरण घ्या. ६ जानेवारी २००२ ला 'बोस्टन ग्लोब'ने जॉन गेगन नावाच्या माजी धर्मगुरूची बातमी छापली. 'स्पॉटलाइट' हा पिक्चर त्याच शोधावर आहे. जवळपास तीन दशकं, सहाएक पॅरिश, आणि लहानपणी त्याने अत्याचार केला असं सांगणारे १३० हून अधिक लोक. धक्कादायक भाग पुढे आहे. तक्रारी झाल्याच नव्हत्या असं नाही. झाल्या होत्या, वरपर्यंत पोचल्याही होत्या. वरच्यांनी त्याला उपचाराला पाठवलं, जागा बदलली आणि पुन्हा मुलांमध्ये नेमलं. डिसेंबर २००२ मध्ये तिथले कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना राजीनामा द्यावा लागला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले. ज्याच्या कोडबद्दल तक्रार आहे, त्यालाच ते तिकीट बंद करायचा अधिकार द्यायचा नाही, हा आमच्याकडचा साधा नियम. बोस्टनमध्ये नेमकं तेच झालं. तक्रार घेणारा, चौकशी करणारा आणि संस्थेचं नाव जपणारा, तिन्ही एकच.

आता आपला कायदा. पॉक्सो, २०१२. अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलामुलींसाठी. कलम १९ सांगतं, की असा गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या, किंवा होईल अशी भीती वाटणाऱ्या कुठल्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलंच पाहिजे. 'कुठल्याही' म्हणजे आई, शेजारी, संडे स्कूलची टीचर, फादर, सिस्टर, बिशप, सगळे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शिवाय धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने त्या संस्थेतल्या मुलावर केलेला अत्याचार कायदा जास्त गंभीर मानतो.

हे नुसतं कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका होस्टेलचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. ते चर्चचं नव्हतं, पण मुद्दा हाच होता. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, माहिती असून कळवलं नाही, असा आरोप होता. हायकोर्टाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला आणि माहिती असून गप्प बसणं हा गंभीर गुन्हा आहे, असं बजावलं.

"पण चर्चची स्वतःची चौकशी असते ना?" असते. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम केले आणि २०२३ मध्ये ते कायम केले. धर्मगुरू आणि व्रतस्थांनी अशी माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवायलाच हवी. पण देशाच्या कायद्याने जे बंधन आहे ते तसंच राहतं, हेही त्याच नियमांत लिहिलंय. म्हणजे अंतर्गत चौकशी होऊ द्या, पण तिचा निकाल येईपर्यंत पोलिसांना थांबवून ठेवायचं नाही.

मग प्रत्यक्षात काय करायचं?

मूल बोलायला लागलं की शांतपणे ऐका. "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" हे विचारू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "तुझी चूक नाही, आपण मदत घेऊया," एवढं पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. पाच जणांसमोर तेच पुन्हा वदवून घेऊ नका. मेसेज, फोटो, कपडे जपून ठेवा. आरोपीला जाब विचारायला जाऊ नका, तो सावध होतो.

मग पोलीस, ११२, किंवा मुलांची हेल्पलाइन १०९८. माहितीची लेखी नोंद व्हायलाच हवी. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तातडीच्या उपचारासाठी हॉस्पिटल आधी पोलिसांचं पत्र मागू शकत नाही.

"खोटं निघालं तर?" हा प्रश्न येतोच. खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. शिक्षा आहे ती मुद्दाम बदनामीसाठी किंवा पैसे उकळण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्याला, आणि त्यातही मुलाला नाही.

चर्च चालवणाऱ्यांसाठी एवढंच. आरोप आला की त्या माणसाला लगेच मुलांच्या कामातून बाजूला करा. बदली हा उपाय नाही, पुढच्या गावातही मुलं असतात. त्या कुटुंबाला एकटं पाडू नका, मुलाचं नाव कुजबुजीतसुद्धा फिरू देऊ नका. आणि १०९८ हा नंबर नोटीस बोर्डावर, मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर लावा.

चर्चची बदनामी होईल ही भीती खरी आहे. पण बोस्टनमध्ये चर्चचं नाव गेलं ते तक्रार करणाऱ्यांमुळे नाही, ती दाबणाऱ्यांमुळे.

हा भाग तुमच्या पॅरिशच्या किंवा मंडळीच्या ग्रुपवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.